गोव्यातल्या डोंगरावर कुत्र्याला घेऊन जायचंय? तयारीपासून परत घरी येईपर्यंत सगळं

आमचा बोंडू गावठी आहे. सात वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये काजूच्या बागेत पालापाचोळ्यात सापडला, रंग अगदी पिकलेल्या बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, पिवळट तांबूस, म्हणून तेच नाव राहिलं. आता वजन साधारण १८ किलो, आणि डोंगर म्हटला की माझ्याआधी दारात उभा. पण तो दोन वर्षांचा असताना मी त्याला जवळजवळ गमावला होता, त्यामुळे हे सगळं लिहिताना तो दिवस डोक्यात आहेच.

मार्चचा पहिला आठवडा. मी नि दादा त्याला घेऊन डिचोलीकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गेलो. निघालोच साडेआठला, उशिरा. चढताना तो सारखा पुढे पळायचा, परत आमच्याकडे यायचा, परत पुढे, म्हणजे आम्ही एक किलोमीटर चाललो तर तो तीन चालला असणार. सड्यावर झाड नाही, जांभा तापलेला, वारा नाही. साडेदहाच्या सुमारास तो करवंदीच्या जाळीखाली शिरला आणि माती उकरून तिथेच आडवा झाला. मी हाक मारली तर कान हलले, पण मान वर झाली नाही. जीभ बाहेर लोंबत होती आणि टोकाला चमच्यासारखी रुंद नि चपटी झालेली, कडा वर वळलेल्या. ती जीभ मी कधी विसरणार नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं की जीभ अशी रुंद होणं हीच पहिली खूण असते, आणि ती त्याच्या आडवं होण्याच्या अर्धा तास आधीपासून दिसत असणार.

तो वाचला, कसा ते पुढे सांगतेच. पण त्या दिवसापासून मी एक नियम धरलाय: कुत्रा स्वतःहून "बस झालं" म्हणत नाही, तुम्ही चालताय म्हणून तो चालतो, पडेपर्यंत चालतो. कधी मागे फिरायचं ते आपण त्याच्या अंगाकडे बघून ठरवायचं. बाकी सगळी तयारी त्यासाठीच.

आधी कुत्रा बघा, मग डोंगर

वर्षाच्या आतल्या पिल्लाला लांब चढण नको. हाडांची टोकं अजून वाढत असतात, मोठ्या जातीच्या कुत्र्यांत तर दीड वर्षापर्यंत. पिल्लाला सपाट वाटेवर अर्धा तास फिरवा, वास घेऊ द्या, तेवढं पुरे. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मी गोव्यातल्या डोंगरावर नेऊ नका असंच सांगेन, अगदी डिसेंबरातसुद्धा. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना आणि तोही नावापुरता, अंगातली उष्णता बाहेर जाते ती धापा टाकून, आणि ज्याचं नाकच आखूड त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. त्यात आपल्याकडची दमट हवा, म्हणजे जिभेवरचं पाणी सुकतच नाही. हस्की, सेंट बर्नार्ड अशा दाट केसांच्या कुत्र्यांचंही तेच.

म्हातारा कुत्रा, जाड कुत्रा, गाभण कुत्री, सांधे दुखणारा कुत्रा, यांना घेऊन जायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हृदय नि सांधे बघून घ्या. बरगड्यांवरून हात फिरवा, हलक्या दाबाने बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर डोंगर थांबेल, आधी वजन.

कुठे न्यायचं, आणि कुठे अजिबात नाही

गोव्यात हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो, कारण सह्याद्रीचा आपल्या वाट्याला आलेला बराचसा भाग अभयारण्यात आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, ही सगळी अभयारण्यं. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोसोगड, तेही म्हादईत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला माणसालाच परवानगी लागते. पाळीव कुत्रा घेऊन तिथे जायचा विचार करूच नका, "आमचा साधा आहे हो, काही करत नाही" असं म्हणूनसुद्धा नाही.

याचं कारण फक्त नियम नाही. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर रानातल्या प्राण्यांना लागतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसेक सिंह मेले तेव्हा त्यांच्यातल्या काहींत हाच विषाणू सापडला होता. आपल्या म्हादईत कोळसुंदे आहेत, म्हणजे रानकुत्रे, ते तर आपल्या कुत्र्यांच्या नात्यातलेच. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि विष्ठेतले जंत तिथे जाऊ नयेत.

दुसरी बाजू कुत्र्याची. बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार, हे सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याही वाड्यावर विचारा. आणि गवा. गवा आपला राज्यप्राणी, एरवी शांत, पण कुत्रा भुंकत त्याच्या अंगावर गेला की तो मागे लागतो, आणि घाबरलेला कुत्रा कुठे पळतो? तुमच्याकडे. मागून गवा. अस्वलाचं नि रानडुकराचं तसंच.

मग जायचं कुठे? अभयारण्याबाहेरच्या टेकड्या, सडे, काजूच्या बागांमधल्या पायवाटा, खाडीकाठचे बांध. दक्षिणेला पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत आहे, सुमारे साडेतीनशे मीटरचा, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. चढायला छान, सावली बऱ्यापैकी. पण देवळाच्या आवारात कुत्रा नेऊ नका, दोघं असाल तर एकाने खाली कुत्र्याजवळ थांबायचं, मग अदलाबदल. सत्तरी-डिचोलीत वाटेत देवराया लागतात, लोक देवाची राय म्हणतात, तिथे तर माणसंही चपला काढून जातात. कुत्र्याला बाहेरूनच वळवून न्या.

वाघेरीकडे, चोर्ल्याच्या आसपास, केरीच्या बाजूला जायचं असेल तर हद्द नक्की कुठे आहे हे आधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारा. वाट एकच असते नि मध्येच अभयारण्य सुरू होतं. काजूच्या बागेतून जाणार असाल तर मालकाला विचारा. फेब्रुवारीपासून बोंडू गोळा करणारी माणसं बागेत असतात, त्यांना मोकळ्या कुत्र्याचा त्रास होतो.

डिचोली नि सांगेतल्या बंद खाणींबद्दल वेगळं सांगायला हवं. खाणकाम २०१२ मध्ये थांबलं, मग थोडं चाललं, २०१८ मध्ये परत थांबलं, आणि त्या काळात कित्येक खड्डे पाण्याने भरून राहिले. लांबून निळं हिरवं तळं दिसतं, तापलेला कुत्रा सरळ उडी मारतो. काठ उभा, माती भुसभुशीत, पंजा टेकायला काही नाही, पोहणारा कुत्रासुद्धा बाहेर येऊ शकत नाही आणि त्याला काढायला गेलेला माणूसही. खाणीच्या पट्ट्यात दोरी सोडायचीच नाही.

महिना आणि वेळ

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, हे आपले तीन महिने. पहाटे साधारण २० अंश, दुपारी तेच ३२-३३ वर जातं, म्हणजे थंडीतसुद्धा खेळ सकाळचाच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, मी नीट उजाडलं की पाऊल टाकते, अंधारात नाही, कारण बिबट्या नि डुकरं त्याच वेळी फिरतात. आणि दहाच्या आत गाडीपाशी परत. तीन तास. त्यातले दीड तास झाले की कुठेही असलो तरी मागे वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी.

मार्च ते मे मध्ये मी त्याला डोंगरावर नेत नाही, फक्त पहाटे नदीकाठी. जून ते सप्टेंबरही नाही, निदान चढणीवर नाही. पावसात जांभ्यावर शेवाळ चढतं, ओढे अर्ध्या तासात फुगतात, आणि धबधब्यांवरचे बंदीचे आदेश दर वर्षी वेगळे निघतात. सपाट सड्यावर उघाडीच्या दिवशी फिरा हवं तर, तेव्हाचा सडा बघण्यासारखा असतो, पण जळू आणि साप दोन्हींची तयारी ठेवून.

ऑक्टोबरबद्दल लोक फसतात. पाऊस संपला, हिरवंगार आहे, चला. पण तेव्हाच गवत कमरेएवढं असतं आणि सुकायला लागलं की कुसळं. आपल्या पँटला चिकटतात ती आपण काढून टाकतो, कुत्र्याच्या बोटांमध्ये, कानात, नाकात गेलेलं कुसळ मात्र आत आतच सरकत जातं, कारण त्याचे बारीक केस मागे वळलेले असतात, बाहेर यायचा रस्ता बंद. बोंडूच्या पुढच्या पंजात एकदा असंच गेलं, तीन दिवस तो पंजा चाटत होता, मला वाटलं काटा असेल, निघून जाईल. चौथ्या दिवशी दोन बोटांमध्ये फोड आला, डॉक्टरांनी फोडला तर आतून अख्खं कुसळ निघालं. तेव्हा गवत पूर्ण आडवं होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर अर्धा जाईपर्यंत, थांबा.

लस, गोचीड, आणि माकडताप

रेबीजची लस दर वर्षी. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, त्यामागे खूप माणसांनी गावोगाव फिरून लाखो कुत्र्यांना टोचण्याचं काम केलंय, पण सीमेपलीकडून प्राणी येत-जात असतात, आपण ढिलाई करायची नाही. दुसरी एकत्रित लस, डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची, तिच्यात लेप्टोचा भाग आहे ना हे विचारून घ्या. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो होतो, आपल्यालाही होतो.

गोचिडीचं औषध जायच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी. हल्ली गोळ्या मिळतात, काही महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. कुठली द्यायची ते वजनावर नि प्रकृतीवर असतं, फिट येणाऱ्या कुत्र्याला यातल्या काही चालत नाहीत, म्हणून डॉक्टरच ठरवतील. एक लक्षात घ्या, गोळी घेतली तरी गोचीड अंगावर चढतेच, चावल्यावर मरते. म्हणजे ती जिवंत तुमच्या गाडीत, घरात येऊ शकते.

आणि हे सत्तरीत महत्त्वाचं आहे. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, ज्याला आपण माकडताप म्हणतो, तो १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१५ पासून सत्तरीत त्याच्या साथी झाल्या, काजूच्या बागेत काम करणारी माणसं त्यात गेली. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि नेमका कोरड्या दिवसांत, जानेवारी ते मे. तेव्हा स्वतः पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर तिथूनच मागे फिरा, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका आणि आरोग्य केंद्राला कळवा. जायच्या आधी त्या गावात यंदा साथ आहे का हे विचारणं पाच मिनिटांचं काम आहे.

महिनाभर सराव

घरी गेटच्या आत झोपणारा कुत्रा एकदम डोंगरावर नेऊ नका. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन किलोमीटर, दुसऱ्यात त्यात एखादी टेकडी किंवा पायऱ्या, तिसऱ्यात खडकाळ वाट, चौथ्यात दोन तासांची एक फेरी. यात दम तर वाढतोच, पण खरं काम पंजांचं होतं, फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे पंजे मऊ असतात, जांभ्यावर तासाभरात सोलतात. बूट मिळतात, पण बोंडूने एकही जोडी दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवली नाही, आणि बुटात पंजा तापतोही.

तीन शब्द पक्के करा: ये, थांब, सोड. आमच्या शेजारच्या मावशी कोंकणीत बोलतात म्हणून बोंडूला "यो" सुद्धा कळतं, भाषा कुठलीही चालेल पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. "सोड" हा शब्द तर जीव वाचवतो. काजूच्या दिवसांत झाडाखाली बोंडू आंबलेले असतात, ते पोटभर खाल्ले तर कुत्र्याला दारू चढते तशीच चढते नि ती त्याला झेपत नाही. कच्ची काजूबी चावली तर सालातल्या तेलाने तोंड भाजतं. रात्री मरून पडलेलं काही असतं, विष घातलेलं काही असू शकतं. जमिनीवरचं काहीही उचलायचं नाही, हे घरीच बिस्किट टाकून शिकवा.

पिशवीत काय

पाण्यापासून सुरुवात. कुत्र्याला घरी बसल्या दिवसभरात दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिली लागतं, म्हणजे बोंडूला एक लिटर. तेवढंच मी तीन तासांच्या चालीसाठी त्याचं वेगळं घेते, आणि आणखी एक लिटर फक्त अंगावर ओतायला, त्याला हात लावायचा नाही. माझं पाणी वेगळं. प्यायला करवंटी घेते, हलकी, फुटली तर दुःख नाही.

गळ्यातला पट्टा फक्त नाव नि फोन नंबरच्या बिल्ल्यासाठी. दोरी हार्नेसला, छातीवरून जाणारा, वर पाठीवर धरायला मूठ असलेला मिळाला तर उत्तम, खडकावर चढवताना त्याच मुठीने उचलता येतं. दोरी दीड-दोन मीटरची साधी. ती आपोआप गुंडाळणारी दोरी रानात नको, झुडपात अडकते.

मग प्रथमोपचार: गॉझ, चिकटपट्टी, एक जुना मोजा, चिमटा, सलाइनची छोटी बाटली, थर्मामीटर, आणि मोठी मजबूत चादर, कुत्रा उचलून आणायची वेळ आली तर झोळी करायला. आणि पकड, तार कापणारी. ही का? रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास अजूनही रानाच्या कडेला सापडतात, कुत्रा ओढेल तेवढा फास आवळतो, हाताने सुटत नाही.

खायला उकडलेलं अंडं, हाड नसलेलं चिकन, पोळीचा तुकडा. तुमच्या डब्यातलं देऊ नका. मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, शुगर-फ्री च्युइंगम, हे सगळं कुत्र्याला विषारी. सकाळी निघायच्या दोन-तीन तास आधी हलकं काहीतरी किंवा उपाशीच, खासकरून घाटाची वळणं असतील तर, नाहीतर गाडीतच ओकतो. भरपेट जेवण परत आल्यावर तासाभराने.

शेवटचं, पण घरून निघायच्या आधी करायचं: त्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरचा नंबर फोनमध्ये घाला आणि दोन प्रश्न विचारा, रविवारी उघडं असतं का, आणि सर्पदंशावरचं औषध ठेवता का. रानात रेंज नसते, तेव्हा घरी कोणालातरी सांगून ठेवा कुठल्या वाटेने जाताय नि कितीला परत येणार.

वाटेवर

खडकावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत. सकाळी नऊनंतर हे दर सड्यावर करा.

दोरी कायम. मला माहीत आहे मोकळा कुत्रा बघायला किती आनंद वाटतो, पण आमच्या त्या मार्चच्या दिवशी बोंडू दोरीवर असता तर तिप्पट चालला नसता, तेवढ्यानेच फरक पडला असता. दोरीवर त्याचा वेग तुमच्या हातात राहतो. गुरं आली की वाट सोडून वरच्या बाजूला बसवा, गुराख्याला आधी हाक द्या. कुळागरं (सुपारी-नारळाच्या वाड्या) आणि बागांच्या कुंपणापासून लांब, काही तारांत वीज सोडलेली असते. गव्याचा वास आला, शेण ताजं दिसलं, कुत्र्याच्या मानेवरचे केस उभे राहून तो एका दिशेने बघत थिजला, तर काय आहे ते बघायला जाऊ नका, आल्या वाटेने हळू मागे.

दर वीस मिनिटांनी सावलीत थांबा, मागितलं नाही तरी पाणी पुढे करा, थोडं थोडं. थांबलात की चार गोष्टी बघायच्या. जीभ: अरुंद नि गुलाबी ठीक, टोकाला रुंद आणि गडद लाल म्हणजे इथेच थांबा. हिरड्या: बोटाने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. चाल: मागचे पाय घसटतायत का, सावली दिसली की तिकडे ओढतोय का. आणि धापा: पाच मिनिटं बसूनही कमी होत नसतील तर आजचा डोंगर संपला.

पाणवठ्यावर साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. वाहत्या झरीतही नाकात बारीक जळू जाऊ शकते, नंतर घरी एकाच नाकपुडीतून रक्त आणि सारखी शिंक आली तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. विष्ठा झरीपासून निदान साठ पावलं लांब, वीतभर खड्ड्यात पुरा, किंवा पिशवीत परत आणा. वाटेवर तशीच टाकून जाणारे लोक बघितले की मला फार राग येतो, ज्यांच्या वाडीतून आपण जातो त्यांचं पिण्याचं पाणी त्याच झरीचं असतं.

काही झालंच तर

उष्माघात. बोंडूच्या वेळी दादाने जे केलं ते बरोबर होतं, ते आम्हाला नंतर कळलं. सावली, मग सगळं पाणी पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला, काखेत, पंजांवर, आणि मी ओढणीने वारा घालत राहिले. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवायचं नाही, ते आतली वाफ कोंडतं. पाणी साधं चालतं, बर्फ नको. जबरदस्तीने पाजायचं नाही, शुद्धीवर असेल तर स्वतः पिऊ द्या. आधी तिथेच थंड करायचं, मग उचलून गाडीकडे, गाडीतही खिडक्या उघड्या किंवा एसी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, थर्मामीटर ३९.५ ला आलं की ओतणं थांबवा नाहीतर उलट जास्तच थंड पडतो. आम्ही डॉक्टरकडे पोचलो तेव्हा, एवढं पाणी ओतूनही, ४०.६ होतं. दोन दिवस सलाइन लागलं. कुत्रा उठून चालायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच, किडनी आणि रक्ताचं बिघडलेलं नंतर बाहेर येतं.

साप. सड्यावर फुरसं असतं, वीतभर-दोन वीत, दगडाच्या रंगाचं, कुत्रा नाक खुपसतो नि नाकावर किंवा पुढच्या पायावर दंश होतो. किंचाळणं, मग सूज. बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. चेहरा-मान सुजत असेल तर पट्टा नि हार्नेस काढा. चालवायचं नाही, झोळीत किंवा खांद्यावर, आणि वाटेतून फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं जे औषध माणसांना देतात तेच कुत्र्यालाही लागतं, म्हणून ते कुठे आहे हे आधी विचारायला सांगितलं.

जळू लागली तर मीठ-तंबाखू चोळू नका, नखाने तोंडाकडून सरकवा, रक्त थोडा वेळ येतं, घाबरू नका. पावसात बेडूक तोंडात धरून फेस आला तर तोंड पाण्याने धुवा, डोकं खाली ठेवून, पाणी घशात जाता कामा नये. पंजा कापला तर सलाइनने धुऊन गॉझ, वर मोजा, वर पट्टी, आणि परत. तुमच्या पाकिटातली डोकेदुखीची किंवा अंगदुखीची गोळी कधीच नाही, त्यातल्या काहींनी कुत्र्याचं पोट, किडनी, यकृत कायमचं जातं.

घरी आल्यावर

गाडीतून उतरवून थेट आत घेऊ नका. अंगणात, उजेडात, आडवा झोपवा आणि बोटांनी बघा, डोळ्यांनी नाही, केसांत गोचीड दिसत नाही, हाताला लागते. क्रम ठरवून टाका म्हणजे जागा सुटत नाही. आधी कान: कानाच्या खालच्या कडेला एक छोटा दुमडलेला खिसा असतो, तो उलटा करा, निम्म्या गोचिडी तिथे. मग पापण्या, हनुवटीखाली, पट्ट्याखालचा गळा, काखा, मांड्यांच्या सांध्यात, शेपटीच्या मुळाशी, आणि प्रत्येक पंजात बोटं उघडून. गोचीड तिळाएवढीही असते. चिमट्याने अगदी कातडीला लागून धरायची, सरळ वर हळू ओढायची, पिळायचं नाही, रॉकेल, तेल, काडीपेटी काही नाही. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्याच्या डबीत टाका, हात धुवा. मग स्वतःची तपासणी, कपडे सरळ गरम पाण्यात.

रात्री पंजांना थोडं खोबरेल लावा, तो चाटेल, चालतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, अंगणातल्या अंगणात.

कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण करा. गोचीडतापाची लक्षणं लगेच येत नाहीत, आठवडा ते तीन आठवडे जातात. तोवर रोज सकाळी ताटली रिकामी होते का आणि हिरड्या गुलाबी आहेत का एवढं बघायचं. जेवण सोडलं, ताप वाटला, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, पोटावर लाल बारीक ठिपके, लघवी गडद, यातलं एकही दिसलं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला रानात नेला होता, म्हणजे ते लगेच रक्त तपासतात. बोंडूच्या फाईलच्या मागच्या पानावर मी प्रत्येक चढणीची तारीख, जागा आणि काढलेल्या गोचिडींचा आकडा लिहिते, आणि तीन आठवडे नीट गेले की मगच पुढची तारीख.